होळकरांचा संघ : भरती, राखीव फळी आणि मूळ

मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत 'होळकर' हे नाव निघाले की महेश्वरचा घाट आठवतो, अहिल्याबाईंची शिवपूजा आठवते, फार तर इंदूरचा राजवाडा आठवतो. याच नावाचा एक क्रिकेट संघ होता आणि भारतातील भल्याभल्या संघांना तो अनेक वर्षे भारी पडला, हे आता जुन्या पिढीतल्या थोड्याच मंडळींना ठाऊक आहे. रणजी करंडकाच्या स्पर्धेत १९४४-४५ ते १९५४-५५ असे अकरा हंगाम धरले, तर त्यांतल्या दहा हंगामांत होळकर संघ अंतिम सामन्यात होता. फक्त १९४८-४९ साल हुकले. चार वेळा करंडक इंदूरला आला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. मध्य भारताच्या भूमीवर यापूर्वी आणि यानंतर एवढी सलग कामगिरी कोणत्याही संघाने केलेली नाही.

ही कामगिरी सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. आम्हाला मात्र या संघाची दुसऱ्या बाजूने तपासणी करायची आहे. आम्ही सरकारी नोकरीतले लोक. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती, कोण कधी निवृत्त होणार आणि त्याच्या जागी कोण येणार, या हिशेबात आमची वर्षे गेली. संघ म्हणजेही एक आस्थापनाच असते. अकरा पदे मैदानावर, चार-पाच राखीव, आणि त्यांच्या मागे उद्याची मुले. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल संघांसाठी दरवर्षी शाळांमधून मुले निवडतात. जाणकार मंडळी त्या मुलांना तारे देतात, पाच तारे म्हणजे अव्वल. मग कोणत्या विद्यापीठाची यंदाची भरती चांगली झाली आणि एखादा खेळाडू जखमी झाला तर मागे कोण उभा आहे, यावर महिनोन् महिने चर्चा चालते. तोच प्रश्न आम्ही ऐंशी वर्षांपूर्वीच्या इंदूरला विचारत आहोत. माणसे कोठून आणली? मागे कोण होते? आणि आणणारा गेल्यावर काय उरले?

संघ जमला कसा

या कथेची सुरुवात नागपुरात होते. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे आपले सी. के., यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. घर तेलुगू, पण जन्म, शाळा आणि खेळ सारे नागपूरचे. १९२३ साली होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावले आणि सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. त्या वेळी गादीवर तुकोजीराव तिसरे होते. १९२६ साली गादी यशवंतराव दुसरे यांच्याकडे गेली. त्याच वर्षी मुंबईत एम.सी.सी.च्या इंग्रज संघाविरुद्ध नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा केल्या. त्यात ११ षटकार होते. पुढे १९३२ साली भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कर्णधार तेच होते.

संस्थानी संघांची भरतीची पद्धत त्या काळी ठरलेली होती. खेळाडूला उघड मानधन द्यायचे नाही. त्याला सैन्यात हुद्दा द्यायचा किंवा दरबारी खात्यात नोकरी लावायची. पगार दर महिन्याला, काम मैदानावर. महाराजांना मान मिळे आणि खेळाडूच्या घरची चूल पेटती राही. क्रिकेटमध्ये पोट भरण्याइतका पैसा नव्हता, त्या काळात ही सोय मोठी होती. बडोद्याच्या गायकवाडांनी सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंना याच रीतीने आपलेसे केले. होळकर आणि गायकवाड ही दोन्ही मराठी घराणी. दोघांच्या संघांनी रणजी करंडकाचे दशक गाजवले, हा योगायोग नव्हता. दोघांकडे पैसा होता, हौस होती आणि माणूस पारखणारी नजर नेमण्याची अक्कल होती.

इंदूरची नजर म्हणजे नायडू. १९४१-४२ पासून 'होळकर' या नावाने संघ रणजीत उतरला. त्यापूर्वी तिथली मंडळी 'मध्य भारत' संघाकडून खेळत. नायडूंनी जमवलेल्या माणसांची यादी पाहिली की भरतीचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार घरच्या मुलांचा. यात अग्रभागी सय्यद मुश्ताक अली. जन्म इंदूरचा, १७ डिसेंबर १९१४. पोरवयातच नायडूंनी त्यांना हेरले आणि घडवले. १९३६ साली मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा केल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय.

दुसरा प्रकार शेजारच्या प्रांतातून आणलेल्यांचा, आणि तो आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. नायडू स्वतः नागपूरचे. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांचाही जन्म नागपूरचाच. डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड नागपूरचे. चंदू सरवटे सागरचे. तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली ही माणसे. आमचे बोरगाव, सौंसर, पांढुर्णा हे सारे छिंदवाडा जिल्ह्यासह त्याच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. म्हणजे होळकर संघाचा कणा आपल्या प्रांतातून गेलेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा प्रकार महाराष्ट्रातून आणि त्याही पलीकडून आलेल्यांचा. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, पुण्याच्या मैदानावरचे यष्टिरक्षक कमल भांडारकर, मुंबईचे खंडू रांगणेकर. रांगणेकर बॅडमिंटनमध्येही नावाजलेले होते. आणि एक तर थेट इंग्लंडचा : डेनिस कॉम्प्टन. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून तो महूच्या छावणीत आला होता. महू इंदूरच्या दारातच. नायडूंनी त्यालाही सोडले नाही.

एका मराठी संस्थानाच्या या संघात तेलुगू घरचा कर्णधार, मुसलमान सलामीवीर, पारशी भाया, राजपूत प्रतापसिंह, मराठी सरवटे, जगदाळे, निंबाळकर आणि काही काळ इंग्रज सैनिक असे एकत्र खेळले. त्याच काळात मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी अशा नावांनी संघ पाडून मोठी स्पर्धा चाले आणि तिच्यावर गांधीजींनीही नापसंती व्यक्त केली होती. ते ध्यानात घेतले म्हणजे इंदूरच्या भरतीचे मोल अधिक कळते. तिथे माणूस खेळावरून घेतला जाई.

फलंदाजी : सर्व पदे भरलेली

राखीव फळीची खोली मोजायची तर एखाद्या शूराची मोठी खेळी पाहून चालत नाही. पाचवा, सहावा, सातवा माणूस काय करतो ते पाहावे लागते. त्यासाठी १९४५-४६ चा म्हैसूरविरुद्धचा उपांत्य सामना पुरेसा आहे. इंदूरला झालेल्या त्या सामन्यात होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा जणांची शतके झाली : भांडारकर १४२, सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका डावात सहा शतके हा जागतिक विक्रम ठरला.

या यादीत मुश्ताक अलींचे नाव नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. संघाचा सर्वांत प्रसिद्ध फलंदाज शतकवीरांत नसतानाही नऊशेच्या वर धावा होतात, तेव्हा ती आस्थापना भक्कम आहे असे बेलाशक म्हणावे. आणि शतक करणाऱ्या सरवट्यांनी त्याच सामन्यात म्हैसूरच्या पहिल्या डावात ६१ धावांत ९ बळी घेतले. एक माणूस दोन पदांचे काम करी, तेही चोख.

त्यानंतरच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा केल्या. वय पन्नास पूर्ण. आज पन्नाशीला आलेले आमचे सहकारी कार्यालयाचा जिना चढताना मध्ये थांबतात. होळकरांनी तो सामना ५६ धावांनी जिंकला आणि करंडक पहिल्यांदा इंदूरला आला.

निंबाळकर आणि भांडारकर या दोघांची जोडी तर पुढे वेगळ्याच कारणाने अजरामर झाली. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना निंबाळकरांनी नाबाद ४४३ केल्या. दुसऱ्या बाजूने भांडारकरांनी २०५ करत त्यांच्याबरोबर ४५५ धावांची भागी रचली. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. अशा दर्जाचा माणूस ज्या संघात मधल्या फळीत खेळत होता, त्या संघाच्या फलंदाजीची खोली निराळी मोजायला नको.

गोलंदाजी : एका बैलावर दोन नांगर

आता हिशेबाची दुसरी बाजू. १९४४-४५ चा अंतिम सामना मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला. मुंबईच्या ४६२ आणि ७६४. होळकरांच्या ३६० आणि ४९२. एका सामन्यात २०७८ धावा. विजय मर्चंट यांनी २७८ केल्या. होळकरांपुढे ८६७ चे लक्ष्य होते. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली, १०९ आणि १३९. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. तरीही सामना ३७४ धावांनी गेला.

या सामन्यातला खरा आकडा मात्र धावांचा नाही. सी. एस. नायडूंनी त्या एका सामन्यात १५२.५ षटके टाकली, म्हणजे ९१७ चेंडू. ११ बळी घेतले आणि ४२८ धावा दिल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एका गोलंदाजाने इतके चेंडू टाकल्याची दुसरी नोंद नाही. लोक याला पराक्रम म्हणतात आणि तो आहेच. पण आस्थापनेच्या नजरेने पाहिले तर हा पदे रिक्त असल्याचा पुरावा आहे. एकाच कर्मचाऱ्याकडे चार टेबलांचा पदभार दिला की तो आजारी पडेपर्यंत काम चालते आणि साहेबाला वाटते सर्व ठीक आहे. तसेच हे.

होळकरांकडे सरवटे, सी. एस., हिरालाल गायकवाड आणि स्वतः सी. के. असे गुणी गोलंदाज होते, पण त्यांच्यामागे तितक्याच तोलाची दुसरी रांग नव्हती. समोर मोठी फलंदाजी आली की हे उघडे पडे. १९४६-४७ चा अंतिम सामना बडोद्यात झाला. होळकर २०२ वर बाद. बडोद्याचे तीन गडी ९१ वर गेले होते. तिथून विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. बडोद्याची धावसंख्या ७८४. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. ती भागीदारी कोणत्याही गड्यासाठी जगातली सर्वांत मोठी म्हणून जवळजवळ साठ वर्षे टिकली. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ती मोडली. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईने तर होळकरांना ५३१ धावांनी हरवले.

त्याच १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला आणि दात पडले. वय छप्पन्न. त्यांनी मैदान सोडले नाही. ही गोष्ट आजही क्रिकेटप्रेमी हरखून सांगतात. आम्हालाही नायडूंपुढे हात जोडावेसे वाटतात. पण त्याबरोबर हेही विचारावेसे वाटते की छप्पन्न वर्षांच्या माणसाच्या जागी उभा राहील असा पंचविशीतला गडी इंदूरला का तयार नव्हता? मुश्ताक अली तेव्हा सदतीस वर्षांचे झाले होते, निंबाळकर बत्तीस, सरवटे एकतीस. गाडा जुन्याच बैलांवर चालला होता.

उत्तर पुढच्या दोन हंगामांत मिळाले. १९५२-५३ ला कोलकत्यात बंगालविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर होळकर चौथ्यांदा विजेते झाले. त्यानंतर नायडू आंध्रच्या नव्या संघाला उभे करायला गेले. १९५३-५४ ला मुंबईने होळकरांना इंदूरलाच ८ गडी राखून हरवले. १९५४-५५ ला मद्रासने इंदूरलाच ४६ धावांनी हरवले. चारही करंडक नायडूंच्या हाताखाली आले, आणि ते गेल्यावर संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण शेवटची पायरी चढला नाही.

मुंबईकडे काय होते

होळकर आणि मुंबई यांची तुलना केल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही. मुंबईला कोणी महाराजा नव्हता. तिथे शाळांच्या ढाल-स्पर्धा होत्या, कचेऱ्यांचे संघ होते, दादर युनियन आणि शिवाजी पार्क यांसारखे जिमखाने होते. १९४८ पासून भर पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग सुरू झाली. तिथला कारकून शनिवारी-रविवारी खेळे आणि त्याला पाहून गल्लीतले पोर खेळे. भरती रोजच चालू होती, कोणी हुकूम काढावा लागत नव्हता. होळकरांचा पराभव करून १९५१-५२ आणि १९५३-५४ चे करंडक नेणाऱ्या मुंबईने पुढे १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग पंधरा वेळा विजेतेपद मिळवले. त्या पंधरा वर्षांत खेळाडूंच्या दोन पिढ्या बदलल्या, संघ बदलला नाही.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या वाचकांना हे संत्र्याच्या भाषेत लवकर कळेल. संत्र्याचे रोप नुसत्या संत्र्याच्या बीपासून कोणी बागेत लावत नाही. जंभेरीचा खुंट वाढवतात आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा बाहेरून आणलेला असतो, जमिनीशी झगडतो तो खुंट. होळकरांनी डोळे एकाहून एक सरस आणले. खुंटांची रोपवाटिका मात्र त्या मानाने लहान राहिली. मुंबईची रोपवाटिका शहरभर होती.

जिथून माणसे गेली, तिथे काय झाले

भरतीचा विचार करताना आपण नेहमी घेणाऱ्याकडे पाहतो. ज्या गावातून माणूस गेला त्या गावाचे काय, हे विचारले जात नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या संघाला रणजीचा अंतिम सामना कधीच दिसला नाही. नायडू बंधू, सरवटे, गायकवाड ही माणसे नागपूरच्या संघात एकत्र खेळली असती तर काय झाले असते, याची कल्पना करावी. त्यांना दोष कोणी देऊ नये. नागपुरात त्यांना पोटापाण्याची हमी देणारे कोणी नव्हते, इंदूरला होते. गुणी माणसाला गावात काम मिळाले नाही की तो जाणारच. हा नियम क्रिकेटपुरता नाही, आपल्या सर्वांच्या घरातल्या मुलांना लागू आहे. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात १९९१ साली रेमंडचा मोठा कारखाना आला, तेव्हा कित्येक घरांतली मुले नागपूर-पुण्याला जाता जाता थांबली, हे आपण पाहिले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ स्वतंत्र खेळू लागला. पहिले विजेतेपद मिळायला त्याला साठ वर्षे लागली.

राज्य गेल्यावर

इंदूर संस्थान १९४८ सालीच मध्य भारतात विलीन झाले होते. होळकर हे नाव संघाला आणखी काही वर्षे राहिले. १९५५-५६ ला ते गेले आणि 'मध्य भारत' असा संघ उतरला. पुढे राज्य पुनर्रचनेनंतर 'मध्य प्रदेश' आला. हुद्दे देणारा दरबार राहिला नाही. अकरा हंगामांत दहा अंतिम सामने खेळलेल्या शहराला पुढचा अंतिम सामना दिसायला १९९८-९९ साल उजाडले.

मग सगळेच वाया गेले का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आणलेली माणसे इंदूरला राहिली, तिथलीच झाली. नायडूंचे निधन १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरलाच झाले. चंदू सरवटे इंदूरचे म्हणूनच ओळखले गेले आणि पुढे राष्ट्रीय निवड समितीवर गेले. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांत ते होते. माधवसिंह जगदाळ्यांचे चिरंजीव संजय जगदाळे मध्य प्रदेशाकडून खेळले, मग प्रशिक्षक झाले, निवड समितीवर गेले आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे सचिव झाले. गोरखपूरहून इंदूरला आलेल्या एका पोराला त्यांनी घडवले. त्याचे नाव नरेंद्र हिरवाणी. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १६ बळी घेतले. भरतीचे खरे फळ कधीकधी दुसऱ्या पिढीत असे दिसते. संघ संपला, पण शिकवणारी घरे मागे राहिली.

पाहुणे आणि घरचे : अलीकडचा धडा

१९९८-९९ च्या त्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाचे कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित, म्हणजे बाहेरून घेतलेले. बंगलोरला कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी होती. शेवटच्या दिवशी सामना नुसता अनिर्णित ठेवला असता तरी करंडक मिळाला असता. डाव कोसळला आणि ९६ धावांनी हार झाली.

पंडित पुढे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली विदर्भाने २०१७-१८ चा करंडक घेतला. अंतिम सामना झाला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर आणि दिल्लीला ९ गडी राखून हरवले. त्या संघात मुंबईचा अनुभवी वसीम जाफर पाहुणा होता, पण कर्णधार फैज फजल नागपूरचा. पुढच्याच वर्षी विदर्भ पुन्हा विजेता. मग पंडित मध्य प्रदेशाकडे आले आणि जून २०२२ मध्ये बंगलोरच्याच मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईला ६ गडी राखून हरवले. होळकरांच्या शेवटच्या करंडकानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी करंडक इंदूरला आला.

या २०२२ च्या संघाची राखीव फळी पाहण्यासारखी आहे. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर हे दोघे भारतीय संघासोबत असल्यामुळे नव्हते. तरीही पहिल्या डावात ५३६ धावा झाल्या. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. हे तिघेही मध्य प्रदेशाच्या मैदानांवर वाढलेले. दोन मोठे मोहरे बाहेर असताना करंडक जिंकणे, हीच खोली. होळकरांच्या काळी ती फलंदाजीत होती, इथे खुंटासकट होती.

२०२४-२५ च्या अंतिम सामन्यात तर आमच्या विषयाचे सगळे धागे एका मैदानावर आले. नागपूरला विदर्भ आणि केरळ समोरासमोर. विदर्भाकडे कर्नाटकाचा करुण नायर पाहुणा होता. त्याने ८६ आणि १३५ केल्या. केरळकडून खेळत होता विदर्भाचाच जुना गडी आदित्य सरवटे. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात त्याने विदर्भाला अकरा बळी मिळवून दिले होते. आता त्याने विदर्भाविरुद्ध ७९ धावा केल्या. केरळचे प्रशिक्षक होते आपल्या मध्य प्रदेशाचे अमय खुरासिया. शेवटी विदर्भ पहिल्या डावातील आघाडीवर जिंकला, आणि त्यात मोठा वाटा होता दानिश मालेवारच्या १५३ धावांचा आणि संपूर्ण हंगामात ६९ बळी घेणाऱ्या हर्ष दुबेचा. दोघेही कोवळ्या वयाचे. कर्णधार अक्षय वाडकर २०१७-१८ च्या अंतिम सामन्यातला शतकवीर. म्हणजे पाहुणे मोजके आणि घरचे बहुसंख्य, हे प्रमाण विदर्भाने सांभाळले. पाहुणा शिकवायला आणि आधाराला, घरचा टिकायला.

आपल्या भागापुरते

हा सगळा इतिहास मांडण्याचे कारण आपल्या दारातले आहे. थंडी पडली की आपल्या तालुक्यात टेनिस चेंडूच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. रोख बक्षीस, चषक, लाउडस्पीकर, रात्रीचे दिवे. बक्षिसाची रक्कम वाढली की संघ बाहेरून खेळाडू आणतात. नागपूरहून दोन, छिंदवाड्याहून दोन, त्यांची गाडी, जेवण आणि मानधन. गावाचे नाव छातीवर आणि गावचा मुलगा सीमारेषेबाहेर पाण्याची बाटली घेऊन. चषक येतो, मिरवणूक निघते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे शोधावे लागतात. होळकरांकडे निदान नायडू होते. पाहुण्याकडून घरच्या पोराला शिकवून घेणारा माणूस होता. आमच्याकडे पाहुणा रात्री सामना संपला की गाडीत बसतो.

आपल्या मुलांची अडचण आणखी एक आहे. आमच्यापासून नागपूर तासा-दीड तासावर. रोजचा बाजार, दवाखाना, सोयरीक सारे तिकडे. पण राज्य मध्य प्रदेश. मुलाला चेंडूची खरी जाण आली तर निवड चाचणीची वाट छिंदवाड्याला आणि तिथून जबलपूरला जाते. जवळचे मैदान परराज्यातले आणि आपल्या राज्याचे मैदान दूरचे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. आपले कार्यालय जवळ आले, पण पोरांचे मैदान अजून जवळ आलेले नाही. १९२३ ला नायडूंनी नागपूर सोडले ते बोलावणे आल्यावर. आपल्या मुलांना बोलावणे येत नाही, कारण कोणी पाहायलाच येत नाही.

दरबार आता येणार नाही. पण मंडळे आहेत, शाळा आहेत, आणि गणपतीच्या दहा दिवसांत वर्गणी देणारी घरे आहेत. आमची सूचना साधी आहे. स्पर्धेच्या बक्षिसातला काही भाग काढून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी एक मॅटिंगची खेळपट्टी आणि एक जाळे उभारावे. बाहेरचा खेळाडू आणायचाच असेल तर त्याच्याशी दोन सकाळ मुलांना शिकवण्याची अट घालून आणावा. प्रत्येक संघात सोळा वर्षांखालचे दोन मुलगे खेळवलेच पाहिजेत असा नियम स्पर्धेच्या पत्रकात छापावा. मुलींच्या संघाचा विचारही आताच करावा, कारण तिथे अजून सर्वच पदे रिक्त आहेत.

आज देशातल्या टी-ट्वेंटी स्पर्धेला सय्यद मुश्ताक अलींचे नाव आहे आणि नवोदितांच्या स्पर्धेला कर्नल सी. के. नायडूंचे. एक घरचा, एक बाहेरून आणलेला. एकाने दुसऱ्याला पोरवयात हेरले म्हणून दोन्ही नावे राहिली. हेरणारी नजर हीच होळकरांची सर्वांत चांगली भरती होती. ती नजर आपल्या गावात कोणाला येईल, कोणत्या शाळेच्या मास्तरांना, कोणत्या मंडळाच्या कार्यकर्त्याला, एवढेच बाप्पाकडे मागायचे आहे.